दोन्ही बाजू

ओमदुर्मानमध्ये चहा विकणाऱ्या इख्लासला
परदेशी कॅमेरावाला म्हणाला,
पुन्हा सांगता का? आवाज नीट आला नाही.
तिनं पुन्हा सांगितलं.
मुअताझ. एकोणीस पूर्ण. पुलावरून घरी येत होता.
मधेच वाकून किटलीखालचे निखारे सारखे केले.

रात्री शेजाऱ्याच्या रेडिओवर
कुठल्याशा दूरच्या राजधानीला चिंता वाटली.
मागच्या आठवड्यात ती तीव्र होती,
आज नुसतीच चिंता.
आणि दोन्ही बाजूंनी संयम पाळावा, म्हणे.

दोन्ही म्हणजे कुठल्या रे?
शेजारी बटणाशी चाळा करत राहिला.

तिनं दोरीवरचा सदरा ओढला,
दिव्यापाशी धरला,
उलटा केला, सुलटा केला.
पाठीवरच्या भोकात बोट जाईल.
छातीवरच्यात तिची अख्खी मूठ गेली.