आधी गार

रामनिवास कुशवाह अकराला आला.
खांद्यावर ड्रिल, कानटोपीत खोचलेली पेन्सिल.
बोटाच्या पेरानं भिंत ठोकत ठोकत सरकला
आणि आरशाच्या वर थांबला.
"यहाँ पोली है, बाबूजी."
पंचवीस लिटरचा गीझर. पाणी भरलं की पस्तीस किलो.
मग आम्ही दाराकडची भिंत घेतली,
जिथं आवाज घट्ट येत होता.

लष्करात त्या आठवड्यात धुकं असं
की समोरच्या दुकानाची पाटी दुपारी उगवायची.

मी त्याच्या मागे मागे.
अर्थिंगची तार खरंच जमिनीत गेलीय का,
की बोर्डात नुसती गुंडाळून ठेवलीय?
स्विच बाहेर, ओला हात पोचणार नाही असा.
व्हॉल्व्हची नळी खाली मोरीत.
"टपकेगा थोड़ा," तो म्हणाला, "बंद मत करना."
नाही करणार.
टाकी भरून नळातून धार येईपर्यंत
बटणाला हात लावला नाही त्यानं, मीही नाही.

शेवटी झाकण काढून पेचकस लावला
आणि काटा सत्तरकडे नेऊ लागला.
"ग्वालियर की सर्दी है."
पन्नास, मी म्हणालो.
"पचास में मज़ा नहीं आएगा."
पन्नास.
त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं.
पेचकस उलटा फिरला.

त्याला काय सांगणार होतो.
एकोणऐंशीचा डिसेंबर,
दौलतगंजातल्या भाड्याच्या दोन खोल्या,
तांब्याचा बंब. आईनं त्याचं पाणी बादलीत काढलं,
विसणाला गार आणायला चौकातल्या नळावर गेली
आणि जाता जाता म्हणाली, हिच्याकडे बघ रे.
मी नऊ वर्षांचा. सुलू अडीच.
तेवढ्यात गल्लीतून उंट निघाले मेळ्याकडे,
गळ्यातल्या घंटा वाजवत, एकामागून एक.
मी उंबऱ्यापर्यंतच गेलो.
सात मोजले.
आठवा मोजायचा राहिला.

घरात होतं नव्हतं ते तिच्या हातावर लावलं सगळ्यांनी,
शाई, तूप, शेजारणीनं आणलेली टूथपेस्ट.
नुसतं गार पाणी, नळाखाली वीस मिनिटं,
हे कुणालाच माहीत नव्हतं.
आणि नळ चौकात तसाच उघडा,
आईची कळशी भरून वाहत होती.

आई मला कधी काही बोलली नाही.
फक्त त्यानंतर शेवटपर्यंत
बादलीत आधी गार ओतायची, मग गरम,
मग कोपर बुडवून बघायची.
घरात लहान मूल उरलं नव्हतं तेव्हाही.

काल रात्री सुलू आली विदिशाहून,
तीन वर्षांच्या नातवाला घेऊन.
आज सकाळी न्हाणीघरात आधी गार नळ वाजला,
बराच वेळ नुसता गारच.
मग गरम.
मी बाहेर टॉवेल धरून उभा,
धार कधी बदलते ते ऐकत.

"दादा, किती ठेवलंयस रे?"
पन्नास.
"अजून उतरतं का बघ. याच्यासाठी."
बाहेर आली, बाही वर सरकवलेली.
मनगटापासून कोपरापर्यंत तोच हात,
भिजून वाळलेल्या कागदासारखा.
कोपरावरून थेंब पडला फरशीवर.

स्विच खाली केला. स्टूल ओढलं. पेचकस शोधला.
पंचेचाळीसवर आणतोय तोच
खिडकीतून तनय ओरडला,
"मामाआजोबा, घोडा! पांढरा घोडा चाललाय!"
वरातीचा असणार, रात्रीचा, घरी निघालेला.

येतो म्हणालो.
झाकण बसवलं, चारही स्क्रू.
राहिलेली बादली मोरीत ओतली.
न्हाणीघराला बाहेरून कडी घातली, वरची,
त्याचा हात पोचणार नाही अशी.
मग गेलो.
घोडा कोपऱ्यावर वळत होता.
शेपूट दिसली दोघांना.