राग येतो तेव्हा

अशोक चौकाच्या मागे, टॉवेल कारखान्यावरची खोली.
संध्याकाळी साडेसातला खालचे माग थांबत नाहीत,
म्हणून मी ओरडून शिकवते
हळुवार वाक्यं.

फळ्यावर लिहिलं : यू मेक मी अँग्री.
त्यावर फुली मारली.
खाली लिहिलं : आय फील टिंबटिंब, व्हेन टिंबटिंब.
पहिल्या टिंबांत आपलं मन,
दुसऱ्या टिंबांत घडलेली गोष्ट.
बोट समोरच्याकडे नाही, स्वतःच्या छातीकडे.

अंबादास येमूल, पॅकिंग खात्यातला,
कधी नव्हे तो पहिला हात वर करतो :
आय फील बॅड व्हेन यू आर अ लायर.
वर्ग हसतो. मीही.
वाक्य सुटलंय, अंबादास,
फक्त त्यात तुमचे साहेब लपून बसलेत.

रेहाना नदाफ व्हेनवर अडते.
व्हेन, व्हेन, आणि घड्याळाकडे बघते,
जणू तिचं वाईट वाटणं ठरल्या वेळेला येतं.
येतंच, ती जिन्यात सांगते,
पाण्याच्या दिवशी, पहाटे तीनला,
मोटार लावायला
घरातलं दुसरं कुणी उठत नाही तेव्हा.

नरसव्वा बोल्ली शेवटच्या बाकावर.
बोटांच्या टोकांना तंबाखूचा रंग.
नातवाच्या शाळेतल्या बाई इंग्रजीत बोलतात,
त्यांना एकदाच नीट उत्तर द्यायचंय,
तेवढ्यासाठी येते.
"टीचर, आमच्यात कोपम वस्तुंदी म्हणतेत.
तुमच्यात राग येतंय.
म्हणजे येतंय की, पाहुण्यासारखं.
इंग्लिशमध्ये येत नाही काय?
तिथं माणूसच राग होतंय?"

खडू हातात तसाच.
बी.एड.ला हे कुणी विचारलं नव्हतं.
बिराजदार म्हणाला, कन्नडमध्येबी सिट्ट बरतद, येतंयच.
रेहाना म्हणाली, हमारे में भी गुस्सा आताच.
चार भाषांच्या चार उंबऱ्यांवर
एकच राग, चपला काढत उभा.

"मग कारखान्यात त्यानं माझ्या विड्या
छाटात टाकल्या,
तर राग त्यानं पाठवला, का आपसूक आला?
नावच घ्यायचं नाही काय त्याचं?"

मी म्हणाले, घ्यायचं.
आधी मोजून सांगायचं, हजारातल्या किती.
मग आपल्याला काय झालं ते.
मग नाव.
हे पुस्तकात नव्हतं.
बरोबर आहे का, तेही मला माहीत नाही.

ती उभी राहिली, पदर खोचून,
जणू समोर टोपली घेऊन कुणी बसलंय.
लहान कसं म्हणायचं? स्मॉल.
"आय फील स्मॉल.
व्हेन यू थ्रो.
एटी विडी."
खाली माग चालूच होते,
तरी एटी सगळ्यांना ऐकू आलं.

रात्री भावाचा फोन, पुण्याहून.
अण्णांचं बीपी, गोळ्या संपल्या का, वगैरे.
जिभेवर तयारच होतं :
तुला काय, तू कधी येणारच नाहीस.
शेंगाचटणीची बरणी मांडीत घेऊन
मी झाकण फिरवत राहिले.
हॅलो? ऐकतेस ना?

मला, म्हणाले.
मला एकटं वाटतं,
जेव्हा...
वर्गात रोज शंभरदा फळ्यावर फेकते हा शब्द,
आज उचलवेना.
जेव्हा अण्णा रात्री तीनदा उठतात
आणि दिवा लावायला मीच असते.

तिकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.
"म्हणजे चूक माझीच, असंच ना?"

नाही, म्हणाले.
मग म्हणाले, थोडी आहे.

आत अण्णा खोकले.
झाकण वाकड्या आट्यावर बसलं होतं,
काढलं, आणि पुन्हा पहिल्यापासून फिरवलं.
फोन अजून कानाशीच होता.
त्यानंही ठेवला नव्हता.