चौकशीची खिडकी

सावली आहे का?
हा पहिला प्रश्न. जहाज अजून दोरांशी झटत असतं
आणि जिन्यावरूनच कुणीतरी ओरडून विचारतं.
आहे, मी म्हणते, घंटाघरापाशी.
घंटाघर मागच्या नोव्हेंबरात बांधलं.
घंटा मागवली आहे.

किनारा किती लांब?
माझ्या पावलांनी बारा मिनिटं,
तुमच्या गुडघ्यांनी पंचवीस.
पण ‘लांब’ म्हणायचं नाही, असं शिकवलंय आम्हाला.
‘रम्य वाट आहे’ म्हणायचं.

नळाचं पाणी चालेल? डॉलर चालतील?
वायफायचा पासवर्ड काय?
ते तपकिरी काय तरंगतंय?
शेवाळ.
वास येतो.
हो, येतो.
कधी जाईल?
ते काही मला विचारून आलेलं नाही, बाई.

माकडं आहेत का?
नाहीत.
मग काय आहे?

मग काय आहे.
मॅनिकू आहे. तिच्याच नावाचा हा पॉइंट.
पोटाच्या पिशवीत पिल्लं घेऊन
ब्रेडफ्रूटच्या फांदीवरून उतरते,
बेकरीमागचे डबे हुंगत फिरते.
पण तुमचं जहाज सुटतं साडेचारला
आणि ती उठते सातला.

टॅक्सीची रांग कुठे?
ते काय, तो शिट्टीवाला म्हातारा उभा आहे, तिथे.
तो ऑसबर्ट. माझा बाप.
तिथेच त्याची होडी लागायची, ‘पेशन्स’ नावाची.
धक्का झाला तेव्हा भरपाईत
पैसे मिळाले थोडे, आणि एक निळा शर्ट, आणि ती शिट्टी.
दिवसभर समुद्राकडे पाठ करून उभा असतो.
का, विचारलं एकदा.
म्हणाला, उन्हाने डोळे दुखतात.
चाळीस वर्षं त्याच उन्हात त्याने मासे धरले,
तेव्हा दुखले नव्हते.

मंगळवारी ऊन मी म्हणत होतं.
तीन हजारांतले शेवटचे शंभरही पांगले
आणि खिडकीपाशी एक जण आली,
हातांना साबणाचा, वाफेचा वास, गळ्यात बिल्ला: मारिविक.
जहाजाच्या धोबीखान्यात असते म्हणाली.
सात महिन्यांत जमिनीवर उतरायची ही चौथी वेळ.
दोन तास आहेत.

मी नकाशा उलगडला.
तिने बोटानेच तो परत मिटला.
विचारलं,
इथे बसायला कुठे जागा आहे का,
जिथे कुणाकडे बघून हसावं लागत नाही?

पाठ केलेल्या पानांत हे नव्हतं.
रम्य वाट, वायफाय, स्वच्छतागृह डाव्या हाताला,
सगळी उत्तरं जिभेवर येऊन परत गेली.

खिडकीवर ‘पाच मिनिटांत येते’ची पाटी लावली
आणि तिला मागे नेलं,
जिथे भिंतीची अरुंद सावली पडते, जेमतेम दीड माणसाची.
बापाची आमिषाची बादली पालथी घातली.
ती बसली. मी उभी राहिले, अर्धी उन्हात.
माझ्या डब्यात भाजलेलं ब्रेडफ्रूट होतं, खारा मासा होता.
तिने काटे काढून ओळीने गुडघ्यावर मांडले.
आम्ही काही बोललो नाही.
खरं सांगायचं तर
माझेही गाल दुखत होते सकाळपासून.

तेवढ्यात कोपऱ्यावरून बाप आला, पाणी प्यायला.
बादलीवर कोण बसलंय ते पाहिलं,
गळ्यातली शिट्टी काढून खिशात घातली,
आणि आल्या पावली परत गेला.

पाटीवरची पाच मिनिटं पन्नास झाली.
खिडकीवर कुणीतरी टकटक करत होतं,
सावली आहे का, सावली?

संध्याकाळी फॉर्म भरायचा असतो.
शेवटच्या रकान्यात
‘ज्याचं उत्तर देता आलं नाही असा प्रश्न’ लिहायचा.
दर वेळी रेघ मारते. त्या दिवशी लिहिलं:
बसायला जागा. हसावं लागणार नाही अशी.

गुरुवारी फॉर्म परत आला.
खाली साहेबांच्या अक्षरात:
बाकं मागवली आहेत.

तोवर बादली धुऊन ठेवली आहे.