पहिला नंबर आपला

शेवटून पहिले आलो आम्ही यंदा.
चौदा सामने, तेरा हार,
त्यातल्या दोन तर न खेळताच,
मौद्याच्या पुढं गाडी बंद पडली म्हणून.
लीगचा नियम आहे: जो तळाशी, तो आधी निवडतो.
म्हणून गोळीबार चौकात, डिसेंबरच्या धुक्यात,
तर्रीच्या वाफेत आम्ही पाच जण असे उभे
जसा काही चषकच जिंकून आणला.

"तुमसरचा शिवणकर घ्या," पराते म्हणतो.
"सहा फूट दोन. हा मध्यरेषेवर,
अन् सावली याची बोनसवर."
"सावलीले गुण भेटत नाही बे," धकाते.
"पोट्टा चढाईले जाते अन् तिसऱ्या सेकंदाले मागं पाह्यते.
घर आठवते त्याले."
"मंग उमरेडचा सलामे. कोपऱ्यात खुंटा आहे खुंटा.
घोटा धरला का सोडत नाही."
"अन् त्याचा डावा गुडघा? तो कोण धरन?"
इद्रिसभाई जन्मात कबड्डी खेळले नाहीत,
पण तीस वर्षांत एक सामना चुकवला नाही.
"दम पाहा," ते म्हणतात,
"बाकी शिकवता येते. दम घरून येते."

वजन, उंची, मांडीचा घेर,
बापाचा धंदा, मामाची दारू,
अठरा वर्षांची पोरं आम्ही
पोह्यांच्या कागदावर तेलकट बोटानं मांडत होतो.
कोणाला पाहिलं होतं, कोणाचं नुसतं ऐकलं होतं,
कोणी विचारलं नाही.

मी गप्प. माझ्या खिशात वही असते,
चोवीस वर्षांच्या निवडी, तारखेनिशी,
कोण घेतला, कोण सोडला, आपण काय म्हणालो होतो.
दाखवत नाही कोणाला.
ज्याला सोन्याचा तुकडा म्हटलं
तो दोन सामन्यांनी वाडीच्या गोदामात लागला.
ज्याला म्हटलं, हा काय खेळते,
तो रेल्वेत आहे, निळा कोट घालून लग्नाला येतो,
अन् आपण पाहुण्यांना सांगतो, आमचाच पोरगा.

वहीच्या आधीचं एक पान आहे, न लिहिलेलं.
एकोणीसचा होतो. याच गाडीच्या मागं
उधारीची प्लेट घेऊन उभा.
पुढं धकात्याचा बाप सांगत होता,
"हेडाऊचा पोट्टा? हात चांगले.
पण काळीज चिमणीचं."
तर्री तिखट होती त्या दिवशी,
डोळ्यांत पाणी आलं ते खपून गेलं.

अकरा वाजता रेशीमबागेत नाव पुकारलं.
आमचे सचिव बोंद्रे उठले, चष्मा पुसला.
ना शिवणकर, ना सलामे.
"लोकचंद लुटे. कुही."
कोण?
पराते यादी वरून खाली वाचत गेला,
बोट एक्काहत्तराव्या नावाशी थांबलं.
मग हळूहळू कळलं,
लोकचंदच्या बापाकडे टेम्पो आहे.
इद्रिसभाईंनी तिथंच संन्यास जाहीर केला. चौथ्यांदा.

संध्याकाळी सरावाला गेलो ते शिव्या द्यायला.
टेम्पोतून आधी मिरचीची तीन पोती दिसली,
मग त्यांच्या मागून तो.
बरगड्या मोजून घ्या.
रेषेची माती कपाळाला लावली अन् गेला.
एकवीस सेकंद. सात जणांत.
कोणाला शिवला नाही, काही आणलं नाही,
पण परत आला.
"कोणी धरलंच नाही त्याले," पराते.
"धरता आलं नाही," इद्रिसभाई, संन्यास विसरून.

तो आमच्या मागंच पाणी पीत उभा होता.
"हात बरे आहे," धकाते म्हणाला, "पण काळीज..."
तेवढ्यात पोत्यांवरून वारा आला
अन् त्याला असा ठसका लागला
की वाक्य तिथंच राहिलं.

मी वही काढली. तारीख टाकली.
लोकचंद लुटे, कुही.
पुढं काय लिहावं सुचेना,
तर टेम्पोचा नंबर लिहून ठेवला.