सांध्याजवळचा निळा

पेन्सिली माझ्या नव्हेत.
वरच्या मजल्यावरच्या इशिताची दहावी झाली, चित्रकला सुटली
आणि तिने डबा आणून दिला. चोवीसांतल्या एकवीस.
पांढरी तेवढी अखंड.
ती कोणीच वापरत नाही काका, म्हणाली.

मी तुर्भ्याला एकतीस वर्षं ग्रिल जोडल्या.
वाशी, कोपरखैरणे, अर्धं सानपाडा,
मान वर करून चाललात तर
दर चौथ्या खिडकीत माझा हात आहे.
रंग दोनच ठाऊक: आधी रेड ऑक्साइड, मग काळा.
गिऱ्हाईक हौशी निघालं तर चंदेरी.

आता सेक्टर नऊच्या बिल्डिंगा पाडतायत.
ग्रिल निघतात, टेम्पोत आडव्या पडतात,
किलोवर जातात.
मी दुपारी बघायला जातो. ओळखू येतात.
कुट्टीबाईंची शंखांची.
दळव्यांना सूर्य हवा होता,
किरण तेराच, चौदा नकोत, का ते सांगितलं नाही.
तळमजल्याच्या पदूबाईंची साधी चौकट,
फक्त उजव्या कोपऱ्यात एक गज कमी.
वाटी जायला पाहिजे रे शेजारी, म्हणाल्या होत्या,
आणि पंजा पुढे करून माप दिलं होतं.

घरी येऊन वहीत काढतो.
पट्टी लावत नाही. डोळा अजून गुण्यात आहे.
वेल एका अंगाने काढली की दुसरी आपसूक येते,
उलटी, पाण्यात पाहावी तशी.
मधेच पान चुकतं.
लोखंडात चुकतं तर कापलं असतं.
इथे त्या चुकीलाच पुढे दोन पानं फोडतो.
तीच चूक चार वेळा केली की नक्षी होते.

रंगाने मात्र रडवलं.
जोर लावायची सवय. पहिल्या आठवड्यात
तांबडीची पाच टोकं मोडली.
इशिता जिन्यात भेटली तर म्हणाली, दाबू नका,
हात नुसता ठेवा, ती आपणहून चालते,
एका थरावर दुसरा, घाई नको.
हे मला. पहिला हात वाळायच्या आत
दुसरा मारलाय मी जन्मभर.

मग एकदा जांभळ्यावर निळा फिरवताना
थांबलो.
हे मी पाहिलंय.

रॉड बाजूला केला, काच वर केली
की सांध्याच्या कडेला रंग उतरायचे.
अगदी लगत निळा, मग जांभळा,
मग काकवीसारखा तपकिरी,
आणि थंड लोखंडाकडे जाता जाता
भाताच्या पेंढ्याचा पिवळा.
कुठे एक संपला, कुठे दुसरा लागला,
बोट ठेवता यायचं नाही.
रोज शंभर सांधे. ग्राइंडर घ्यायचो, घासून टाकायचो.
वर काळा.
कोणी मागितलाच नव्हता तो रंग.
मीही नाही.

सध्या पदूबाईंची चौकट चालू आहे.
प्रत्येक सांध्याशी थोडा निळा ठेवतो,
तिथून बाहेर, बारीक गोल गोल, श्वास सोडल्यासारखं.
एक सांधा दोन संध्याकाळी खातो.
मोतीबिंदूवाला डोळा पाणी काढतो, मग गॅलरीत उभा राहतो,
बेलापूर रस्त्याचे दिवे फुटून पसरलेले दिसतात,
आतून पिवळे, कडेला तपकिरी.

कमलिनी चहा ठेवते, वहीत डोकावते.
तिने माझं काम असं जवळून कधी पाहिलं नव्हतं.
आमच्या खिडकीला ग्रिल बिल्डरनेच बसवलेली,
वाकडी आहे, बदलू बदलू म्हणत राहिली.

गज कमी आहे की इथे, ती म्हणते.
असू दे.
चहावर साय धरेपर्यंत ती बघत राहते,
मग त्या मोकळ्या कोपऱ्यावर बोट ठेवते:
इथे कुठला भरणार?

मी डबा चाळतो. खालून वर, पुन्हा खालून.
पांढरी काढतो
आणि टोक करायला घेतो.