मोजदाद

एकतीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
दुसऱ्यांनी छापलेल्या नोटांत दोष शोधले.
शाई जराशी फुटली, आकडा केसभर सरकला,
की ताव बाजूला.
गेटवर रोज झडती. बाई असो, बाप्या असो,
जेवणाचा डबासुद्धा उघडून दाखवायचा.

म्हणून रिटायर झाल्यावर मंडळीनं
दानाच्या पिशव्या माझ्याकडे सोपवल्या.
वेस्ट्रीतल्या टेबलावर मी दहा-दहाच्या चवडी लावते
आणि वही जुळते.

सात वर्षांपूर्वी एकदाच जुळली नाही.
छपराचा निधी. एक लाख बारा हजार.
शांतवन पारधे, खजिनदार;
नाताळात पोरांना खांद्यावर घेऊन
गव्हाणीवर तारा लावू द्यायचा, तो.
चूक मीच काढली. फुटलेली शाई मला लांबून दिसते.

तो गेला. कुणी म्हणे सिन्नरला, कुणी म्हणे दारूत.
छप्पर तसंच राहिलं.
पावसाळाभर तिसऱ्या बाकाशेजारी निळी बादली,
आणि प्रार्थनेत सगळे गप्प झाले की
टप्.
प्रत्येक थेंब मी त्याच्या नावावर लिहिला.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी तो आला.
शेवटच्या बाकावर बसला, एक पाय दाराकडे.
कॉलर उलटवून शिवलेली.
कुणी मान वळवली नाही,
म्हणजे सगळ्यांनी पाहिलं.

दानाच्या गीताआधी पाळकसाहेब पायऱ्या उतरले.
लाल मखमलीची पिशवी, जिची मूठ
त्याच्याच हातानं गुळगुळीत झालेली,
त्याच्याच हातात दिली.
"शांतवन, डावीकडून सुरू कर."
एवढंच. जसा काही तो
मागच्या रविवारीही इथेच होता.

माझ्या आत प्रेसचा भोंगा झाला.
झडती कुठाय? कबुली?
निदान हप्ते तरी ठरवा!
पिशवी माझ्यासमोर आली, थरथरत.
मी त्याच्याकडे न बघता नोट टाकली.
टाकताना नोटेची शाई तेवढी बघितली, सवयीनं.

मग प्रभूचं मेज.
कठड्याशी गुडघे टेकले तर शेजारी तोच,
जागा तेवढीच उरली होती.
भाकरीचा तुकडा माझ्या तळहातावर. त्याच्याही.
सारखाच.
मी डोळ्यांनी मापला. सारखाच.
"तुझ्यासाठी मोडलेलं," पाळक मला म्हणाले,
आणि श्वास न घेता तेच त्याला.

तेव्हा, का कोण जाणे, कमलिनी आठवली.
त्याची बायको.
गंगापूर रोडच्या भाजीवाल्याकडे ती दिसली
की मी सुट्टे न घेताच निघायचे,
सलाम करावा लागू नये म्हणून.
मार्चमध्ये ती वारली. मी मातीला गेले नाही.
हे कुठल्याच वहीत नव्हतं.
तरी दर महिन्याला मी इथे तळहात पसरला
आणि कुणी मला गेटवर थांबवलं नाही.

शरणपूर. शरणपूर.
रिक्षावाल्यांना हजारदा सांगितलं असेल,
स्वतः कधी ऐकलं नाही.

माफ केलं का मी त्याला?
ठाऊक नाही. बहुतेक अजून नाही.
पण माझ्या माफीसाठी कुणी थांबलंच नव्हतं,
भाकर आधीच मोडून झाली होती.

वेस्ट्रीत पैसे मोजले. तीनदा. तीन वेगळे आकडे.
पिशवीच्या तळाशी दहाची एक नोट,
मधोमध फाटून चिकटपट्टीनं जोडलेली.
जुन्या हातानं ती बाजूला काढली,
मग उचलून चवडीत ठेवली, इतरांच्या मध्ये.

टप् टप् थांबलं, म्हणून बाहेर डोकावले.
बादली घेऊन तो चिंचेखाली उभा होता,
जपून ओतत, जणू कुणी खाली झोपलंय.

"शांतवन," मी म्हटलं, "सलाम."
आणि पुढे काही सुचेना म्हणून,
"बादली परत जागेवर ठेव.
अजून गळतंय."