नकाशावर फुल्या मारताना

बसा. नकाशा फुकट आहे, पेन माझं.
बाहेरच्या खुर्च्या ओल्या असतील, आत या.
सान मामेदेला ऊन येतं,
पण विचारून येत नाही.

ही पहिली फुली दीपगृहावर.
एकशे बेचाळीस पायऱ्या, कठडा फक्त डाव्या हाताला.
वर वारा टोपी मागतो,
द्यायची नसेल तर खिशात ठेवा.
दिवा हल्ली आपला आपणच लागतो,
तरी दोमितिला रोज संध्याकाळी काच पुसून येते.
पगार बंद होऊन अकरा वर्षं झाली.
तिला कुणी सांगितलं नसेल,
किंवा सांगितलं असेल आणि तिनं ऐकलं नसेल.
तुम्ही विचारू नका.

पुळण इथे. फोटोत आहे तितकीच पांढरी.
पाणी मात्र ऑगस्टातही दातांवर दात आपटायला लावतं.
पोरं धक्क्यावरून सूर मारतात
कारण त्यांना दुसरं पाणी माहीत नाही.

वाटेत दगडी पायांवर उभी कोठारं दिसतील,
प्रत्येक पायाला दगडाची थाळी,
उंदरांनी वर चढू नये म्हणून.
मका गेला. मग उंदीर गेले.
आता आत छत्र्या, वल्ही, कुणाकुणाच्या सायकली.

ओहोटी उद्या सकाळी नऊ पन्नासला.
खाडी आपलं अंथरूण गुंडाळते
आणि बायका उतरतात,
मांड्यांपर्यंत रबरी बूट, हातात दाताळी, मागे ओढत आणलेल्या बादल्या.
एका ओळीत, वाकून,
तिसऱ्या उकरतात.
बघण्यासारखं आहे. तिकीट नाही. लांबून बघा.
त्या चिखलात वाफे आहेत, पेरलेले, राखलेले,
तुम्हाला दिसणार नाहीत,
पण तुमचं पाऊल कुठे पडलं
ते एरुंदिना अख्ख्या खाडीला ऐकू जाईल असं सांगेल.
कमी भरलेली तिसरी परत मातीत जाते;
मापाची पट्टी त्यांच्या गळ्यात असते, ताइतासारखी.

माझी आई त्याच ओळीत. डावीकडून चौथी.
पाठ मग सरळ झालीच नाही.
चर्चमध्ये उभी राहिली तरी
शेजारची माणसं पाय उचलून बघायची,
हिचं काही पडलंय का.

हं. कुठे होतो आपण?

शिंपल्यांचे तराफे. अमारोची बोट, दुपारी एकला.
उकडलेले शिंपले पोटभर, आंबट पांढरी वाईन,
आणि दगडाच्या होडीतून आलेल्या संताची गोष्ट.
ती होडी दर उन्हाळ्यात वावभर लांब होते.
हसा. त्याला बरं वाटतं.
हिवाळ्यात तो कुणाशी बोलत नाही.

आता मुक्काम. दाखवा बघू कागद.
निळी दारं, मागच्या अंगणातून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या...
अच्छा.

ते माझं घर.
नाही, नाही, बसा. तसं काही नाही.
जुलै-ऑगस्ट मी बहिणीकडे असते, बेकरीच्या वर;
गरम होतं, पण पाव ताजा मिळतो.
दोन महिन्यांच्या भाड्यात
दहा महिन्यांचं छप्पर निघतं.

ऐका, कागदावर नाही ते सांगते.
खिडकी लावताना जरा उचलून लावा.
तिसरा नळ कशाचाच नाही.
पहाटे चारच्या सुमाराला भरती
खालून चौथ्या पायरीपर्यंत येते आणि दगडावर थापट्या मारते,
पोराला झोपवताना मारतात तशा.
पहिल्या रात्री तुम्हाला वाटेल कुणी आलंय.
दुसऱ्या रात्री वाटणार नाही.
इथे फुली मारत नाही. जागे झालात तर झालात.

आणि एक मांजर येईल, करडं, कानाचा तुकडा पडलेलं.
त्याला आत घेऊ नका.
घेतलंत तर सार्डिनचं डोकं देऊ नका, ओकतं.
शेपूट चालेल.